नुकसान : निरंक

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी त्र्यंबकच्या बाजूच्या एका डोंगरावर आम्ही आठ जण रात्री साडेदहापर्यंत वणवा झोडपत होतो. दोन वनमजूर, खालच्या पाड्यावरची चार पोरं आणि सुट्टीचं भटकायला गेलेले आम्ही दोन मास्तर. ब्लोअर एकच, तोही थोरल्या वनमजुराच्या पाठीवर. बाकीच्यांच्या हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या. फांदी डोक्यावर नेऊन धोपटायची नसते, हे मला तिथं कळलं. तशी धोपटली की ठिणग्या उडून चार हातांवर दुसरा जाळ उठतो. ती जाळावर दाबायची आणि जळून काळ्या झालेल्या बाजूला ओढायची. आगीच्या तोंडाशी जायचं नाही. शेपटाकडून धरायचं, दोन्ही कडांनी चेपत न्यायचं, म्हणजे तिचं तोंड अरुंद होत जातं. मी एकदा उत्साहात उताराच्या वरच्या अंगाला चढायला लागलो, तर थोरला खेकसला, "सर, वर नका जाऊ! ती वरतीच पळती." शेवटी वरचा कातळकडा आला, गवत संपलं, आणि आग आमच्यामुळं थोडी नि कातळामुळं बरीच, अशी विझली.

महिनाभरानं त्या आगीचा पंचनामा योगायोगानं नजरेस पडला. शेवटचे दोन रकाने असे होते. काय जळाले : गवत व पालापाचोळा. नुकसान : निरंक.

सरकारी कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना या शब्दाचं वजन ठाऊक आहे. शून्य लिहायला आधी मोजावं लागतं. निरंक न मोजताही लिहिता येतं.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. सध्या वणव्यांचा विषय निघाला की कोणीतरी मॉडेलचं, म्हणजे आकडेवारीवरून अंदाज बांधणाऱ्या गणिताचं, नाव काढतंच. उपग्रह आहे, हवामानाची आकडेवारी आहे, एआय आहे, मग नाशिकच्या डोंगरांना उद्या कुठं आग लागणार हे आज का सांगता येऊ नये? माझा या मॉडेलांना विरोध नाही. माझं पोटच त्यावर आहे. पण आमच्या शास्त्रात जोखीम म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : घटना घडण्याची शक्यता आणि घडली तर होणारं नुकसान. पहिल्या आकड्यासाठी आपण उपग्रहापर्यंत गेलो आणि दुसऱ्या रकान्यात निरंक लिहून मोकळे झालो. कितीही हुशार शक्यतेला निरंकानं गुणलं तर उत्तर काय येतं, हे सांगायला मास्तर लागत नाही.

आधी शक्यतेचं बघू, कारण तिथंही सगळं आलबेल नाही.

एकदा तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी वणव्याचं मॉडेल करून घेऊन आला. चेहरा खुललेला. "सर, साडेनव्याण्णव टक्के अचूक." मी म्हटलं, जरा उलगडून दाखव. डोंगराचे हजार तुकडे धरले, एखाद्या दिवशी त्यातल्या पाचांत आग लागते असं धरलं, तर "आज कुठंच आग लागणार नाही" एवढं एक वाक्य बोलणारा माणूससुद्धा हजारात नऊशे पंच्याण्णव वेळा बरोबर ठरतो. त्याच्या मॉडेलनं नेमकं तेच केलं होतं. सगळीकडे हिरवा रंग. विरळ घटनांच्या अंदाजात अचूकतेची टक्केवारी फसवी असते, हे पुस्तकात असतं. पण स्वतःचं पोर असं हिरवंगार निघाल्याशिवाय ते अंगी लागत नाही.

जगात वापरात असलेली मॉडेलं अर्थातच याहून शहाणी आहेत. कॅनडाचा आगीच्या हवामानाचा निर्देशांक सगळ्यांत प्रसिद्ध. दुपारी बाराच्या सुमाराची चार मापं घ्यायची : तापमान, हवेतली आर्द्रता, वारा आणि गेल्या चोवीस तासांतला पाऊस. त्यावरून जमिनीवरचा बारीक पाचोळा किती वाळलाय, त्याखालचा कुजत आलेला थर किती वाळलाय आणि त्याच्याही खालचा दाट थर किती, याचा रोजचा हिशेब ठेवायचा. काम सुंदर आहे. पण हे सगळं पाइनच्या जंगलाला धरून बसवलेलं आहे. आपल्या अंजनेरीच्या किंवा रामशेजच्या उतारावर कुजक्या पाचोळ्याचा जाड थर असतो कुठं? तिथं कुसळी असते, पवन्या असते, कमरेएवढं वाळलेलं गवत आणि खाली मुरूम. शिवाय कॅनडात उन्हाळ्यात अधूनमधून पाऊस पडतो, म्हणून निर्देशांक वरखाली होतो. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस गेला की एखादा अवकाळी सोडला तर जूनपर्यंत थेंब नाही. खोल थराच्या कोरडेपणाचा आकडा दिवाळीपासून चढायला लागतो आणि चढतच राहतो. मार्च उजाडला की रोज लाल, सगळीकडे लाल. जो दिवा सतत लाल असतो त्याच्याकडे चौकातला पोलीससुद्धा बघत नाही.

हवामानाची जागतिक आकडेवारी ज्या चौकटींत मिळते, त्यातली नेहमी वापरली जाणारी चौकट साधारण तीस किलोमीटरची. नाशिक ते त्र्यंबक अंतर तेवढंच. म्हणजे पंचवटीतलं ऊन आणि ब्रह्मगिरीवरचं धुकं एकाच आकड्यात. ज्या जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिन्नर-येवल्याकडे पाच-सहाशेवर भागवावं लागतं, तिथं ही सरासरी कोणाच्या कामाची?

त्यात आणखी एक उलटा गुंता आहे. चांगला पावसाळा झाला की लोकांना वाटतं, यंदा डोंगर ओले, आगी कमी. होतं उलट. जास्त पाऊस म्हणजे जास्त गवत, आणि जास्त गवत म्हणजे फेब्रुवारीत जास्त जळण. दुष्काळी वर्षी येवल्याच्या माळावर जळायला काही उरतच नाही, गुरांनी बुडख्यापर्यंत खाल्लेलं असतं. चराईबंदीनं डोंगर राखणाऱ्या गावांनाही हा अनुभव येतो : गुरं थांबली, गवत उभं राहिलं, आणि ते वेळेवर कापून नेलं नाही तर राखलेला डोंगरच आधी पेटतो. मॉडेलला हे शिकवता येतं. गेल्या पावसाळ्याचा आकडा त्यात टाकावा लागतो इतकंच. पण कॅनडाहून तयार आणलेल्या सूत्रात तो आपोआप येत नाही.

"इथं आग लागत नाही, लावतात," हे वाक्य वनखात्यापासून गडप्रेमींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि ते खरंही आहे. कोरड्या विजेनं पेटणारे वणवे कॅनडात, सैबेरियात, कॅलिफोर्नियात. आपल्याकडचे जवळपास सगळे माणसाच्या हातचे. पण 'लावतात' या एका क्रियापदात किती वेगवेगळे हात कोंबलेत बघा. राब भाजताना, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना, बांधावरून निसटलेला जाळ. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणारी बाई. जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं फुटतं असं मानणारा गुराखी. गडाच्या वाटेवर विडी टाकणारा, कड्याखाली चूल मांडून नीट न विझवणारा ट्रेकर. त्याला कोणी 'समाजकंटक' म्हणत नाही, तो शहरातला असतो. आणि निव्वळ गंमत म्हणून काडी टाकणारा. या प्रत्येक हाताची वेळ वेगळी, जागा वेगळी. हवामान फक्त एवढंच ठरवतं की काडी पडल्यावर पुढं काय होईल. काडी कधी पडेल ते पंचांग ठरवतं.

पंचांग हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. सप्तशृंगीचा चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत. खानदेशातून पायी येणाऱ्यांच्या रस्त्याकडेला चुली पेटतात. त्याच पौर्णिमेला हनुमान जयंती, आणि अंजनेरीवर माणूस मावत नाही. ही पौर्णिमा २०२४ मध्ये २३ एप्रिलला आली, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. अधिक महिन्याच्या हिशेबानं ती अशी पुढंमागं सरकत राहते. विद्यार्थ्यांची मॉडेलं मी बघतो, त्यात 'महिना' म्हणून एक ते बारा आकडे असतात. त्या मॉडेलला एप्रिलमधली ही गर्दी कधी पहिल्या आठवड्यात दिसणार, कधी चौथ्या, आणि ते तिला 'अनियमितता' म्हणून सोडून देणार. तिथीचा रकाना घाला, शनिवार-रविवार घाला, मोहाचा बहर घाला, पेरणीआधीच्या भाजणीचे आठवडे घाला. ही माहिती पेठ-सुरगाण्यातल्या कुठल्याही म्हातारीकडे आहे, कुठल्याही उपग्रहाकडे नाही.

उपग्रहाबद्दल गैरसमजही बरेच आहेत. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांवरून आगीचे इशारे देतंय. मोडिस आणि व्हिअर्स ही दोन उपकरणं त्यामागं आहेत. मोडिसचा ठिपका, म्हणजे त्याला वेगळा दिसणारा सगळ्यांत लहान चौकोन, एक किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. मोबाइलवर संदेश येतो, त्यात अक्षांश-रेखांश असतात. व्यवस्था चांगलीच आहे, तिची टिंगल करायची नाही. पण व्हिअर्स आपल्या डोक्यावरून जातं ते दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास. आमची आग संध्याकाळी सात ते साडेदहा. गवताची आग लाकडासारखी धुमसत बसत नाही. भडकते, पळते, संपते, आणि तासाभरात राख गार. रात्री दीडला आकाशातून बघणाऱ्याला तिथं काय दिसणार? आपला इन्सॅट उपग्रह दर अर्ध्या तासाला बघतो खरा, पण त्याचा आगीचा ठिपका चार किलोमीटरचा; एवढ्या मोठ्या चौकोनात आमच्या उतारावरची नागमोडी लाल रेघ विरून जाते. म्हणजे उपग्रहाच्या नोंदींवर पोसलेलं मॉडेल शिकतं ते 'दुपारी दीडला कुठं जळत असतं' एवढंच. गुरं परतायच्या वेळच्या, ट्रेकर उतरायच्या वेळच्या, काळोखात लावलेल्या आगी त्याच्या जगात घडलेल्याच नसतात. उलट वनपट्ट्यात, म्हणजे नकाशावर जंगलात, पण प्रत्यक्षात स्वतःच्या कसत्या जमिनीत भर दिवसा राब भाजणारा माणूस त्याला ठळक दिसू शकतो.

यातून जे होईल त्याची मला जास्त भीती आहे. नकाशा तयार होईल, पाड्यांवर लाल ठिपके येतील, आणि बैठकीत कोणीतरी म्हणेल, बघा, आकडेच सांगतायत. आकडे काही सांगत नसतात. कधी बघितलं आणि कुठं बघितलं तेवढं ते परत वाचून दाखवतात. राब भाजणं ही डोंगरातल्या नागली-वरई-भाताची जुनी रीत आहे, तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप तरारून येतं. त्यातून जाळ निसटतो हे खरं आणि तो निसटू नये म्हणून कडेनं गवत खरडायची रीतही तितकीच जुनी आहे. लाल ठिपका यातला फरक करत नाही.

इतकं सगळं बोलल्यावर माझे एक निवृत्त वनाधिकारी मित्र नेहमी म्हणतात, "मग सोडा ना ते मॉडेल. बीटावरच्या वनरक्षकाला सगळं माहीत असतं." असतं, मान्य. पण त्याला स्वतःचं बीट माहीत असतं, शेजारचं नाही. आणि तीन-चार वर्षांनी त्याची बदली होते, तेव्हा ते ज्ञान त्याच्याबरोबर टेम्पोत बसून निघून जातं. नवा येतो तो शून्यापासून. दहा वर्षांच्या आगी ज्याच्या लक्षात आहेत असं काहीतरी तालुक्यात कायम राहायला हवं, म्हणून मला मॉडेल हवं आहे.

आणि ते हवं आहे माणसं कुठं उभी करायची हे ठरवायला. पुन्हा ते हजार तुकडे घेऊ, पाच ठिकाणी आग. समजा मॉडेल पाचातल्या चार आगी पकडतं, आणि न लागणाऱ्या जागांपैकी दहा टक्क्यांना उगाच लाल करतं. म्हणजे साधारण शंभर खोटे लाल आणि चार खरे. वनरक्षकाच्या बाजूनं बघा : सव्वीस वेळा पळालो तर एकदा आग. आठवड्याभरात तो म्हणेल, लांडगा आला रे आला. पण मॉडेल नसताना दोनशे वेळा पळून एकदा आग सापडली असती. सव्वीसात एक हे भविष्य म्हणून टाकाऊ आणि आधी कुठं जायचं याची रांग लावायला उत्तम आहे. हा फरक समजावून न सांगता नुसता लाल रंग पाठवला तर मॉडेल पहिल्याच हंगामात मरतं, आणि मग दहा वर्षं कोणी नाव काढत नाही.

आता सव्वीसात एक शक्यता असेल तर माणसं पाठवावीत का? इथं तो रिकामा रकाना आडवा येतो. समजा दोन माणसं संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी बसवायला हजार रुपये लागतात, आणि ती वेळेवर असली तर आग पायथ्याशीच दाबली जाते. त्या उताराचं नुकसान चाळीस हजार धरलं, तर चाळिसात एक एवढ्या शक्यतेलाही पाठवणं परवडतं. सव्वीसात एक असेल तर बिनधास्त पाठवा. नुकसान दहा हजार धरलं तर दहात एक हवी, म्हणजे पाठवू नका. आणि नुकसान निरंक असेल तर? मग उद्या आग लागणार हे शंभर टक्के ठाऊक असलं तरी हिशेब सांगतो, घरी बसा, हजार रुपये वाचवा. आपली यंत्रणा आळशी आहे असं लोक म्हणतात. मला वाटतं ती आपल्याच कागदाशी प्रामाणिक आहे.

कॅलिफोर्नियात हा रकाना रिकामा राहत नाही, कारण तिथं घरं जळतात आणि घरांना विमा असतो. २०१८ च्या नोव्हेंबरात पॅरडाइज नावाचं गाव जवळपास आख्खं जळालं, ८५ माणसं गेली. तिथली मॉडेलं घराच्या छपरापर्यंत किंमत लावतात. आपल्या डोंगरावर छप्पर नाही, म्हणून किंमत नाही, असं कसं चालेल?

काय जळतं ते जरा मोजू. गवत. 'पालापाचोळा' म्हणून ज्याची बोळवण होते ते मे महिन्यात पाड्यावरच्या गुरांच्या पोटात जायचं असतं. डिसेंबरात कापून गंजी रचली तर चारा, फेब्रुवारीत उभं राहिलं तर सरपण. चाऱ्याच्या पेंढीला बाजारात भाव आहे. जळालेल्या उतारावर किती पेंढ्या उभ्या होत्या याचा अंदाज कुठलाही शेतकरी उभ्या उभ्या देईल. रोपं. साग जळून परत फुटतो, पण दरवर्षी जळाला तर दरवर्षी बुंध्यापासून सुरुवात, आणि वीस वर्षांचं झाड मनगटाएवढंच राहतं. शहरातून हौसेनं येऊन लावलेली झाडं तर पहिल्याच वणव्यात जातात. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवा फोटो. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, टिटवी, लावा. ऐन हंगामात त्यांची घरटी उघड्यावर. मग माती. एप्रिलमध्ये उघडा बोडका झालेला पश्चिमेकडचा उतार जूनच्या पहिल्या धारेला तसाच सामोरा जातो. गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या उगमाकडच्या या उतारांवरून सुटलेली माती गंगापूर धरणात येते, आणि ते धरण नाशिकचं पिण्याचं पाणी आहे. गंगापूर रोडवरच्या बाल्कनीतून लांबवर डोंगरावरची लाल माळ बघून "किती सुंदर दिसतंय" म्हणणाऱ्याच्या नळाचा आणि त्या माळेचा संबंध इतका सरळ आहे.

प्रत्येक आग सारखीच नुकसान करते असंही नाही, आणि हे मॉडेलवाल्यांनी आणि निसर्गप्रेमींनी दोघांनीही ऐकावं. अंजनेरीवर सापडणारं कंदीलपुष्प पावसाळ्यात फुलतं. उन्हाळ्यात जमिनीवर त्याचं नाव नसतं, कंद खाली असतो. जानेवारीत सकाळच्या दवात हळू जळणारी अरुंद पट्टी आणि एप्रिलच्या दुपारी वाऱ्यावर पळणारा जाळ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. वनखातं स्वतःच हंगामाआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढं पसरू नये म्हणून मोकळी ठेवायची पट्टी, जाळतं ती याच हिशेबानं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पश्चिम आर्नहम लँडमध्ये २००६ पासून तिथले आदिवासी मालक आणि वैज्ञानिक मिळून कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवून छोट्या आगी लावतात, म्हणजे हंगामाच्या शेवटी मोठी लागत नाही. तिथं पूर्वापार आग लावणाऱ्यांचं ज्ञान कामाला घेतलं. आपण ते कलमात घेतलं आहे.

कलम म्हणजे १९२७ चा भारतीय वन कायदा. त्याचं २६ वं कलम राखीव वनात आग लावायला बंदी करतं, ते ठीक. ७९ वं कलम असं सांगतं की वनात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. म्हणजे पाड्यावरच्या माणसाचं कर्तव्य जवळपास शंभर वर्षांपासून कागदावर पक्कं आहे. त्याच्यापर्यंत अंदाज मात्र पोचत नाही. आणि आग विझवायला धावलं तर पहिला प्रश्न "तू इथं काय करत होतास?" त्या रात्री आमच्याबरोबरच्या चार पोरांपैकी दोघं, लांबून जीपचे दिवे दिसताच झाडीत नाहीसे झाले. मी विचारलं तर तिसरा हसून म्हणाला, "नाव लिहून घेतात सर." ज्यांना धुराचा वास सगळ्यांत आधी येतो त्यांनी कळवायचंच बंद केलं, तर नोंदी उरतात त्या रस्त्याकडेच्या आणि चौकीजवळच्या. मग मॉडेल शिकतं की आगी चौकीजवळ लागतात.

नुकसानीच्या रकान्यात माणूसही धरायला हवा. थोरल्या वनमजुरानं मला वर चढू दिलं नाही, त्यामागं मोठं शास्त्र आहे हे मी घरी येऊन वाचलं. १९४९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत माँटाना राज्यातल्या मॅन गल्च नावाच्या घळीत, आपल्यासारख्याच गवताळ उतारावर, आग विझवायला उतरलेल्या तुकडीतले १३ जण मेले. ते उतारावर वर पळत होते, आग मागून. त्यांच्या म्होरक्यानं, वॅगनर डॉजनं, पळायचं सोडून समोरचंच गवत पेटवलं आणि जळून गेलेल्या राखेत पालथा पडला. तो वाचला. आगीच्या वेगाचं आजही वापरात असलेलं गणित १९७२ मध्ये रिचर्ड रॉदरमेल यांनी मांडलं, आणि पुढं त्यांनीच मॅन गल्चच्या त्या शर्यतीचा मिनिटामिनिटाचा हिशेब केला. ऑस्ट्रेलियातला जुना ठोकताळा तर सुटसुटीत आहे : चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट. आपल्या सह्याद्रीचे उतार वीस-तीस अंशांचे सहज असतात. म्हणजे सपाटीपेक्षा चौपट, आठपट. तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात २०१८ च्या मार्चमध्ये ट्रेकिंगला गेलेली वीसहून जास्त माणसं अशीच उतारावर आगीत सापडून मेली. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर रविवारी किती गर्दी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी हे आकडे जरा शेजारी ठेवून बघावेत. तिथं उद्या कुठं पेटेल या अंदाजापेक्षा, पायथ्याला पेटलं तर वरच्यांकडे किती मिनिटं आहेत, हे गणित आधी व्हायला हवं. ते आजही होऊ शकतं. त्याला ना एआय लागतं ना उपग्रह, नुसता चढ आणि गवताची उंची पुरते.

आणि गणित झालं तरी ते भूतकाळावर उभं असतं हे विसरू नये. ऑस्ट्रेलियात मॅकआर्थर या वनशास्त्रज्ञानं आगीच्या धोक्याचं माप बनवलं तेव्हा १९३९ च्या भीषण आगीचा दिवस म्हणजे शंभर, याहून वर काही नाही, असं धरलं होतं. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात आकडा शंभराच्या पार गेला. त्या दिवशी १७३ माणसं मेली, आणि मग मापाला वरती नवी पायरी जोडावी लागली.

तर माझी मागणी छोटी आहे आणि खर्च जवळपास नाही. मॉडेल बनवा, पण पहिला हंगाम फक्त नोंदींना द्या : १५ फेब्रुवारी ते १५ जून, प्रत्येक पाड्यावर एक वही. तारीख, तिथी, वेळ, जागा, काय जळलं. जागा अक्षांश-रेखांशात नको, लोक म्हणतात त्या नावानं. नावावरून अक्षांश काढायला आमची पोरं आहेत. कोणी लावली हा रकाना वहीत ठेवायचाच नाही. त्याच्यासाठी पोलीस आहेत, आणि तो रकाना असला की बाकीचे सगळे खोटे भरले जातात. मॉडेलचा अंदाज निघेल तो आधी वही भरणाऱ्याला कळवायचा, नंतर कार्यालयाला. आणि नुकसानीचा दर ग्रामसभेनं ठरवायचा : पेंढीला किती, रोपाला किती, घरट्याला किती. चुकेल, वाद होतील, होऊ देत. चुकीचा आकडा पुढच्या वर्षी सुधारता येतो, निरंक सुधारता येत नाही.

एक वही सुरू झाली आहे. त्या रात्री न पळालेला, हसून बोललेला तो तिसरा पोरगा. यंदा बारावीला आहे. मागच्या आठवड्यात त्यानं पहिली नोंद दाखवली. उतार कोणता ते नावानिशी, वेळ संध्याकाळी सव्वासात, फाल्गुन वद्य पंचमी. काय जळलं : कुसळी, अंदाजे तीनशे पेंढ्या. करवंदाची जाळी एक. टिटवीची अंडी चार. पेंढीपुढं त्यानं भाव लिहिला होता. जाळीपुढं बराच विचार करून काहीतरी लिहून खोडलं होतं.

"सर," तो म्हणाला, "अंड्याला किती लावू?"

आम्ही दोघं बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसलो. सध्या तिथं पेन्सिलीनं ४ एवढंच लिहिलेलं आहे.